अक्कूने पुसलेली नागीण

आमच्या वाडीत अक्कू पूजारतीला एकाच गोष्टीचा गर्व, तो म्हणजे नागिणीवरचा तिचा हात. आमच्याकडे त्या दुखण्याला सर्पसुत्तु म्हणतात. अंगावर फोडांचा पट्टा उठला की माणूस आधी अक्कूच्या दारात. ती गेरू उगाळून फोडांभोवती नाग काढायची. फोडांच्या पट्ट्याची फणा आणि शेपूट अंगाभोवती फिरून भेटली की माणूस गेला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. अक्कूच्या हाताखाली ती कधी भेटली नव्हती. मी शेजारी विड्या वळत बसते, त्यामुळे ही बढाई मला तोंडपाठ.

गेल्या वैशाखात तिच्या पाठच्या बहिणीला, वारिजाला, डाव्या कुशीवर फोड आले. अक्कूने गेरू लावला. वारिजा म्हणत होती, तोंडातही सोलवटलंय, पेजसुद्धा गिळवत नाही. अक्कूने उलट तिलाच झापलं, पानाला चुना कमी लाव म्हणून. फोड मात्र थांबेनात. कुशीवरून पाठीवर, पाठीवरून उजव्या अंगाला, तिथून पोटावर. मला रात्री डोळा लागेना, दिवसा विडी नीट वळेना.

नवव्या दिवशी वारिजाचा नवरा कोरगप्पा हात-पाय गाळून बसला. टोकं भेटली, आता इस्पितळात नेऊन हाल कशाला, घरातच जाऊ दे, असं त्याचं म्हणणं. दोन म्हातारे माना डोलवत होते.

मग अक्कूने ओलं फडकं घेतलं आणि गेरू पुसायला लागली. फडक्याबरोबर फोडाशेजारची धड दिसणारी कातडीही सुटून आली. अक्कूचा हात थांबला. तिने वारिजाला तोंड उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"ही नागीण नव्हे," ती म्हणाली.

"नऊ दिवस होती ना, अक्का? आज कशी नव्हे झाली?" कोरगप्पा म्हणाला.

"नागिणीत धड कातडी अशी सुटत नाही. नागीण कणा ओलांडत नाही, एकाच अंगाला राहते. तीस वर्षांत मी टोकं भेटलेली पाहिली नाहीत, ती माझ्या हातगुणाने नव्हे. ती भेटतच नाहीत. मी चुकले. रिक्षा आण."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गेरू कोणी लावला? अक्कू म्हणाली, मी. बाईंनी तिला बाहेर काढलं नाही, समजावलं. शरीरच आपल्या कातडीवर उलटलंय. गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून मनाने सोडायच्या नाहीत. आणि खरी नागीण असली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांतच माणूस दवाखान्यात आला पाहिजे.

महिनाभर आम्ही आळीपाळीने तिथे बसलो. नवे फोड यायचे थांबले, तोंड भरत आलं. एका दुपारी वारिजाने वाटीभर पेज संपवली आणि अक्कूकडे बघत म्हणाली, "तू गेरू पुसायला लागलीस ना, तेव्हा मला वाटलं, अक्कानेही हात टेकले. आता मी मेले."

अक्कूने तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

"पुसायला घेतलं तेव्हा मलाही तेच वाटलं होतं," ती म्हणाली.