धुपावर ढकललेलं

शिल्पाला हे माहीत नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्याकडे कधी जेवायला येणार नाही — आणि आता मनात ठेवायचाही कंटाळा आलाय.

आम्ही नवघरला राहतो. मी, बायको शिल्पा, मुलगी सई आणि माझी आई. घर पहिल्या मजल्यावर, खाली किराण्याचं दुकान. त्यामुळे झुरळं. ओट्याखाली, सिंकमध्ये, एकदा तर माझ्या टॉवेलात. मला झुरळाची भीती वाटते. चाळिशीतल्या माणसाने हे कुणाला सांगायचं?

सई तीन वर्षांची होती तेव्हा तिला धाप लागायला लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. शिल्पाने मग घर उपसून काढलं. फिनेल गेलं, बाथरूमचं ॲसिड गेलं, डासांची कॉइल, कपाटातल्या डांबरगोळ्या — सगळं गेलं. लादी साबणाच्या पाण्याने पुसायची, नळ लिंबाने घासायचे. फक्त आईच्या धुपाला तिने हात लावला नाही. सासूला कसं सांगायचं? झुरळांचा स्प्रे मात्र तिने माझ्यासमोर कचऱ्यात टाकला. मी मान डोलावली. आणि आठवड्याभरात नवा आणला.

गॅसच्या सिलिंडरमागे लपवायचो. सकाळी शिल्पा ऑफिसला निघायची, आई देवळात जायची, सई आत झोपलेली असायची — तेवढ्यात मी स्वयंपाकघरात फवारून घ्यायचो. खिडकी उघडी ठेवायचो. वाटायचं, एवढ्याशाने काय होणार? खरंच वाटायचं का? आत मूल खोकत होतं. मला ऐकू येत होतं.

धाप वाढली. शेवटी आम्ही सगळेच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी साधंच विचारलं, "घरात काही फवारता का? धूर, उग्र वास?"

शिल्पा म्हणाली, "नाही. सगळं बंद केलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आई सकाळ-संध्याकाळ धूप घालते."

ते म्हणाले, धुराने त्रास होतोच, बंद करा. बरोबरच बोलले ते. पण मी ते बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं का?

घरी आल्यावर आईने आपलं पितळी धुपाटणं घासलं, फडक्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवायला माझ्याच हातात दिलं. "माझ्यामुळे झालं रे हे," एवढंच म्हणाली. तिथे बोलता आलं असतं. मी स्टूल आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी स्प्रेचा डबा स्टेशनच्या वाटेवर फेकून दिला. पुन्हा आणला नाही. सई हळूहळू बरी झाली — आणि सगळ्यांची खात्री पटली की दोष धुपाचाच होता. मी सुधारलो, आणि ते आईच्या नावावर गेलं.

त्यानंतर आई देवळातून आली की साडी बदलल्याशिवाय सईला जवळ घ्यायची नाही. पोर धावत यायची, तर ही मागे सरकायची. "थांब गं बाय, माझ्या अंगाला वास असेल." काही दिवसांनी सई धावायची थांबली. शेजारच्या भाभींना आई मोडक्या हिंदीत सांगायची, "धूप मत जलाना हां, मेरे धूप से बच्ची को तकलीफ हुआ." मी दारात चपला घालत ऐकायचो. चपला घालायला किती वेळ लागतो?

पण मला जे सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे. गेल्या दिवाळीतलं. सई आता आठ वर्षांची, धापेचं नाव नाही. लक्ष्मीपूजनाच्या वेळी आईने विचारलं, "एक उदबत्ती लावू का रे? खिडकीशी लावते."

शिल्पा म्हणाली, "लावा ना आई." तरी दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

मला सईची काळजी नव्हती. माझ्या डोक्यात आलं — हिने लावली आणि सईला काहीच झालं नाही तर? मग कुणीतरी विचारेल, तेव्हा नक्की कशाने झालं होतं?

"नको, आई," मी म्हणालो. "कशाला उगाच."

"बरं," आई म्हणाली. उदबत्ती पुड्यात परत घातली, साबणाने हात धुतले, आणि मग सईला आरतीला बोलावलं.