किलवरची दुर्री

गेली काही वर्षं मी इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. आणि खरं सांगू? वाचायचे तेही चुका शोधायला. कुणी लिहिलं की अमक्या वाड्यात पैंजण वाजले, की मी मनात म्हणायचे — उंदीर असेल, पाइप असेल, ताप असेल. विमा कंपनीत काम करते मी. कुठली गोष्ट घडण्याची किती शक्यता आहे, हे काढायचाच मला पगार मिळतो. माझ्या माहेरी नजर काढणं वगैरे प्रकार नव्हते, सासरीही नाहीत. त्यामुळे हे टाइप करताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसं लिहितेय.

आम्ही नौपाड्यात राहतो. मी, नवरा केदार, दुसरीतली लेक ओवी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णाच म्हणतात. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. मोजकं बोलणारा माणूस, पण पत्त्यांचं भारी वेड. लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला रुळवलं ते अण्णांनी, मेंढीकोट शिकवून. रविवारी जेवणं आटोपली की चटई पसरायची आणि अण्णा मला भिडू म्हणून समोर बसवायचे. "मानसी, स्वतःची पानं कुणालाही दिसतात," म्हणायचे, "समोरच्याच्या हातात काय आहे ते बघायला शीक." पैसे लावून खेळलेलं मात्र त्यांना अजिबात खपायचं नाही.

पोकर मला शिकवला ऑफिसातल्या रोशनीने. ती कळव्याच्या पलीकडची, खारेगावची, आगरी. त्यांची एके काळी मिठागरं होती. तिच्या घरी दिवाळीत पत्ते रंगायचे, तिथे मी पहिल्यांदा खेळले आणि मग सुटलंच नाही. शक्यतांचा खेळ, माझ्या कामाचाच भाऊ म्हणा ना. केदारला सगळं माहीत होतं. अण्णांना आम्ही सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी अण्णांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून "हं... हं..." याशिवाय काही निघायचं नाही. स्पीच थेरपीवाली बाई यायची, चित्रं दाखवायची — हा कप, हे कुलूप. अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं, शब्द यायचा नाही. दिवसा सांभाळायला शोभाताई यायच्या. असे बरेच महिने गेले. शेवटी डॉक्टरांनीही फार आशा ठेवू नका, असं सांगून टाकलं.

त्याच सुमारास गोव्याला एका कॅसिनोत मोठी टूर्नामेंट होती. रोशनीने दोघींची नावं घातली. मी नको म्हणत होते, केदारच म्हणाला, "जाऊन ये गं. किती दिवस घरात कोंडून घेतलंयस. मी आहे ना." अण्णांना सांगितलं, ऑफिसचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं, हेही सांगते.

कॅसिनो नदीत उभ्या असलेल्या बोटीवर. आत एसी असा की हात गारठतात. खेळताना फोन जवळ ठेवायचा नाही, म्हणून आमचे फोन लॉकरमध्ये. खेळ दुपारी सुरू झाला. मी छान खेळत होते, उगाच कुठे हात घातला नाही. चहाच्या ब्रेकमध्ये रोशनी म्हणाली, "आज तू फायनल टेबलला बसतेस बघ." लॉकर समोरच होता, पण आम्ही सँडविच खाल्लं, बाथरूमला जाऊन आलो आणि परत बसलो. फोन बघितला नाही. हे लक्षात ठेवा.

ब्रेकनंतर थोड्या वेळाने एक टेबल मोडलं आणि तिथली माणसं बाकीच्या टेबलांवर वाटली गेली. माझ्या समोर एक नवा माणूस येऊन बसला. पन्नाशीचा, गुजराती असावा, थंडी वाजते म्हणून पिवळा हाफ स्वेटर घातलेला. स्वभावाने गोड होता. बसल्या बसल्या "नमस्ते बेन" म्हणाला.

आणि मग तो डाव आला. पोकर न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. दोन पानं आपल्या हातात असतात, फक्त आपल्याला दिसणारी. पाच पानं टेबलावर हळूहळू उघडतात, ती सगळ्यांची. माझ्या हातात राजांची जोडी होती. टेबलावर पहिली तीन पानं उघडली — चौकटचा राजा, बदाम दुर्री, इस्पिक नव्वी. म्हणजे माझे तीन राजे झाले. चौथं पान किलवरची नव्वी. आता माझ्याकडे तीन राजे आणि दोन नव्व्या. असा हात वर्षातून एखाद्या वेळी येतो. पिवळ्या स्वेटरवाल्याने सगळे चिप्स पुढे ढकलले. मीही ढकलले.

दोघांनी पानं उघडी केली. त्याच्याकडे दुर्रीची जोडी होती. म्हणजे टेबलावरची धरून तीन दुर्र्या. गड्डीत मला हरवू शकेल असं एकच पान उरलं होतं, चौथी दुर्री. किलवरची.

तुम्हाला वाटेल मी खूश असेन. नव्हते. मी टेबलाची कड घट्ट धरली. बाजूचा मुलगा म्हणाला, "मॅडम, जिंकलात तुम्ही," आणि मला वाटलं — आत्ता इथून उठावं. कारण काहीच नव्हतं. हिशेब माझ्या बाजूने होता, तो मला पाठ होता, तरी तळहात ओले झाले होते. डीलरने शेवटचं पान उघडलं.

किलवरची दुर्री.

तो माणूस बिचारा उठून माझ्याशी हात मिळवायला आला, "सॉरी बेन" म्हणाला. माझे चिप्स संपले, टूर्नामेंट संपली, मी हसले वगैरे. असं होतं पोकरमध्ये. आपलं पान चांगलं असूनही हरतो आपण, त्यात अमानवीय काही नाही. तेवढंच असतं तर इथे लिहिलं नसतं.

लॉकरमधून फोन काढला तर केदारचे ढीगभर मिस्ड कॉल. मी धरूनच चालले की अण्णा गेले. डेकवर आले, लावला फोन. केदार रडत होता.

"मानसी, अण्णा बोलले. अगं, अख्खी वाक्यं बोलले. व्हिडिओ पाठवलाय, बघितला नाहीस?"

"काय बोलले?"

"पत्त्यांचं काहीतरी. जाऊ दे ना, बोलले! तुझं नाव घेतलं पहिलं."

मी फोन ठेवला आणि व्हिडिओ लावला. अण्णा खिडकीजवळ त्यांच्या खुर्चीत. मागे शोभाताईंचा आवाज, "अण्णा, परत म्हणा ना, दादा आलेत बघा." अण्णा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर खाली होती, चटईवर डाव पडलेला असताना असायची तशी. आणि स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात ते म्हणाले, "मानसी, ऊठ तिथून. पिवळ्या स्वेटरवाल्याकडे दुर्र्या आहेत. किलवरची यायचीय."

मागे केदार हसतोय, रडतोय. "हो अण्णा, येईल, येईल."

मी मेसेजची वेळ बघितली. चहाच्या ब्रेकच्या आधीची. तो माणूस तेव्हा माझ्या टेबलावर नव्हताच. मी त्याला पाहिलेलंही नव्हतं.

रोशनी शोधत आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झाला गो? एवढा काय मनाला लावून घेतेस?" मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने एकदा पाहिला, परत पाहिला, आणि माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. "घरी चल," एवढंच म्हणाली. रात्रीची पार्टी होती तिकडे गेलोच नाही.

घरी आले तर सणासारखं वातावरण. शोभाताईंनी शिरा केलेला, शेजारचे येऊन अण्णांना भेटून जात होते. सगळे खूश होते आणि मला एकटीला दरदरून घाम फुटत होता. अण्णा पुन्हा गप्प झाले होते. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मला त्या हाताची भीती वाटली. स्वतःच्या सासऱ्यांची, ज्यांनी मला लेकीसारखं वागवलं त्यांची. ते फार वाईट वाटतं अजून.

केदारला मी चार-पाच दिवसांनी सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने रोशनीला फोन करून खात्री केली. डॉक्टरांना आम्ही अर्धंच सांगितलं. ते म्हणाले, "जुनी पाठ असलेली वाक्यं अशी अचानक येतात बाहेर. आरत्या, पाढे, शिव्यासुद्धा. पत्ते खेळायचे ना? मग झालं तर."

"आणि स्वेटर?" मी विचारलं.

"घरात असेल कुणाचा तरी."

आमच्या घरात पिवळा स्वेटर कुणाचाही नाही. कधी नव्हता.

एक पान बरोबर येणं मी योगायोग मानते. न दिसलेली चव्वेचाळीस पानं उरली होती, त्यातलं कुठलंतरी एक येणारच. असे योगायोग घडतात, मी रोज आकड्यांत बघते. पण स्वेटर? आणि "ऊठ तिथून"? मी तर ऑफिसच्या कामाला गेले होते ना!

यापुढचं जास्त त्रासाचं आहे. तो व्हिडिओ मी सारखा ऐकायचे, इअरफोन लावून. शेवटी शेवटी स्वयंपाकघरात मिक्सर लागतो आणि सगळं त्यात बुडतं. पण मिक्सरच्या आवाजाखाली अण्णा अजून एक वाक्य बोलतात. मला ऐकू येतं — "निळ्या दारातून पोरीला नेऊ नका." केदारला दाखवलं. त्याने दहादा ऐकलं. म्हणाला, "मला तर 'गोळ्या नका देऊ' असं वाटतंय. गोळ्यांचा कंटाळाच आलाय त्यांना." रोशनीला काहीच कळलं नाही. पण मला एकदा जे ऐकू आलं ते आलं. ओवीच्या शाळेचं दार, डान्स क्लासचं, मैत्रिणींच्या घरांची दारं, मी सगळी बघत सुटले. कुठेच निळं नव्हतं.

मग माझी नणंद वैशाली. तिची डोंबिवलीतली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि ते कल्याणला भाड्याने राहायला गेले. नव्या जागेत सत्यनारायण ठेवला होता, जेवायला बोलावलं. अण्णा शोभाताईंपाशी राहिले, आम्ही तिघं गाडीने गेलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, ओवी बेल वाजवायला पुढे पळाली, आणि समोर निळं दार. गडद निळं, नवा रंग मारलेलं.

मी तिचा दंड इतका जोरात धरला की ती कळवळली. केदारने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मानसी, नको. प्लीज," तो हळूच म्हणाला. "आज नको हे."

तेवढ्यात वैशालीने दार उघडलं. नऊवारी नेसलेली, घामाघूम, हसतमुख. "या ना वहिनी, बाहेर काय उभ्या?"

"ओवीला बरं वाटत नाहीये. मी तिला घेऊन खाली थांबते."

"मला काही नाही झालंय," ओवी म्हणाली.

वैशालीचं हसू कसं मावळलं ते मला अजून दिसतं. "निदान प्रसाद तरी घ्या. आत या, पाच मिनिटं."

मी नाही गेले. ओवीला ओढत जिन्याने खाली नेलं आणि गाडीत बसून राहिले. ती रडून रडून झोपली. केदार वर गेला, जेवला, आणि खाली आला तेव्हा त्याच्या हातात वैशालीने भरून दिलेला डबा होता.

त्यानंतर वैशाली माझ्याशी बोलायची बंद झाली. केदारने नंतर तिला खरं कारण सांगितलं, तर ती अजूनच दुखावली. "माझ्या घरात काय वाईट होतं, सांगा ना," असं विचारायला तेवढा एक फोन केला तिने.

त्या घरात तर काहीच झालं नाही. ते तिथे सुखात आहेत, मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला, बिल्डिंगचं काम सुरू आहे, झालं की परत डोंबिवलीला जातील. केदार म्हणतो, बघ, उगाच केलंस. असेलही. ओवी आत गेली असती तरी काही झालं नसतं, किंवा गेली नाही म्हणून झालं नाही. यातलं कुठलं खरं, हे काढायला तिला एकदा त्या दारातून न्यावं लागलं असतं. ते मी केलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तरी करणार नाही. वैशालीची माफी मागितली आहे, तिने अजून माफ केलेलं नाही.

अण्णा आता थोडे शब्द बोलतात. पाणी. बस. नको. ओवी. मी एकदा धीर करून त्यांच्यापुढे पत्त्यांची गड्डी ठेवली आणि विचारलं, "अण्णा, त्या दिवशी काय दिसलं होतं?" त्यांनी पत्ते हातात घेतले, चाळले, आणि माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी कशाबद्दल बोलतेय तेच त्यांना कळत नाहीये. मला वाटतं, खरंच कळत नव्हतं.

माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर लिहा, अगदी माझी चूक दाखवणारं असलं तरी चालेल. पोकर मी सोडला. रविवारी दुपारी घरीच असते. अण्णा खुर्चीतून हाक मारतात, "मानसी..." आणि त्यांना पुढचा शब्द सापडायला वेळ लागतो. ओठ हलतात, भुवया जवळ येतात. मी हातातलं काम तसंच धरून उभी राहते.

मग ते म्हणतात, "चहा."