जमैकाची मार्व्हा, नोव्हायची कोच

बॅडमिंटन कोर्टाबाहेरचा बाक फार वाईट! खेळायचं तासभर आणि दम खात बसायचं दीड तास. आम्हा अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींकडे मार्व्हाचे किस्से साठले ते त्या बाकावरच.

मार्व्हा आमची कोच. पन्नाशीची, एकेकाळी जमैकासाठी खेळलेली.

पहिल्याच दिवशी आमच्या मंदारने तिला सांगून टाकलं, "मी कॉलेज चॅम्पियन होतो." मग खेळायला उतरला. "उंच मार," ती दहादा ओरडली, तरी त्याचं शटल जेमतेम नेटवरून जाई. शेवटी तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या कॉलेजचं छत फार खाली होतं का?"

* * *

अमेरिकेत ती पहिल्यांदा आली, तेव्हा एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं, "जमैकाची खेळाडू? म्हणजे पळतेस?"

"छे! मी समोरच्याला पळवते!"

* * *

तिकडे जमैकात ती शाळेच्या हॉलमध्ये शिकली. खिडक्यांना काचा नाहीत, समुद्राचा वारा सरळ आत! वाऱ्याचा अंदाज घेऊन मारायची सवय लागली. परदेशातल्या पहिल्याच मॅचला हॉल बंद, एसी गार. हिचं प्रत्येक शटल लाइनबाहेर! कोचला जाऊन सांगितलं, "वारा नव्हता म्हणून हरले!"

* * *

वानखेडे काकू नागपूरहून मुलाकडे आलेल्या. बाकावर बसून सगळ्यांना मराठीत सूचना द्यायच्या. एकदा मार्व्हाने त्यांच्या हातात रॅकेटच ठेवली.

काकू घाबरल्या. "अगं बाई, मला इंग्लिश नाही येत!"

मुलाने हसत भाषांतर केलं. मार्व्हा म्हणाली, "मग काय झालं? शटललाही येत नाही!"

परतीच्या विमानापर्यंत काकूंनी एक दिवस चुकवला नाही.

* * *

मार्व्हा कुठेही खेळली, तरी मॅच संपली की निकाल सांगायला आईला फोन करायची. आई जमैकात. विमानाला घाबरायची, म्हणून परदेशातली लेकीची एकही मॅच तिने पाहिली नव्हती.

गेल्या वर्षी मार्व्हाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी शेवटची एक सीनियर टुर्नामेंट खेळायची, असं तिने जाहीर केलं. आणि ऐंशीची आई विमानात बसून आली!

आम्ही सगळे हजर. मार्व्हा जीव तोडून खेळली, पण सरळ दोन गेममध्ये हरली. येऊन आईशेजारी बसली, मान खाली, डोळे भरलेले.

आईने रुमालाने तिच्या मानेवरचा घाम टिपला.

"फोनवर मात्र तू एकदाही हरली नव्हतीस हं!"