दोन कागदांवरचा चष्मेवाला

फिटरने पंपघरात एकोणतीस वर्षं मोटारींच्या शेजारी काढली. बेअरिंग बिघडलं की दारातूनच सांगायचा, "तीन नंबर खोला." तेच कान रविवारी पक्ष्यांना लावायचा. पानांआड कोण बोलतंय ते त्याने सांगायचं, पक्षिमंडळाने मुकाट वहीत लिहायचं. वार्षिक स्पर्धेत अकरा वर्षं तो आणि त्याची बायको पहिले. पहिली येईल त्या जोडीने वर्षभर रविवारच्या फेऱ्या पुढे होऊन न्यायच्या, असा रिवाज. त्या पुढे चालण्यावर फिटरचा भारी जीव.

पण मोटारींनी आपला वाटा घेतलाच. दोन वर्षांपासून बारीक आवाज त्याला येईनात. माणसांचं बोलणं कळे, तांबटाची टुकटुक कळे. चष्मेवाला मात्र पार गेला. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला अंगठ्याएवढा पिवळा पक्षी, आवाज सुईसारखा. तो ऐकू येत नाही हे फक्त बायकोला ठाऊक. पक्षी बोलला की ती कोपर दाबायची, हा मान डोलवायचा.

यंदा बँकेतला कारकून आणि त्याची बहीण बरोबरीला आले. एकसष्ट पक्ष्यांना एकसष्ट. मग फैसला बसणीवर. जोडीतल्या दोघांनी एकमेकांपासून वीस पावलं लांब, ठरलेल्या झाडाकडे पाठ करून बसायचं, पाव तास ऐकायचं आणि लिहायचं. दोन्ही कागदांवर असेल तोच पक्षी धरायचा.

"पोटात दुखतंय म्हणा, घरी जाऊ," बायको हळूच म्हणाली.

"गप. ह्या झाडाची मला सगळी माहिती आहे."

"फिटर, कान साफ करून आलात ना?" कारकुनाने टोमणा मारला.

"तू आधी नाक पूस."

बसणी सुरू झाली. फिटरने तांबट लिहिला, बुलबुल लिहिला, भारद्वाजाचा घुमणारा आवाज लिहिला, मग कावळा. पेन्सिल थांबली. घड्याळात नऊ वाजायला आले होते. मागचं झाड फुललेलं, आणि अशा झाडावर नऊच्या सुमाराला चष्मेवाल्यांचा थवा उतरतोच. कान चालत होते तोवर दर वर्षी तो उतरताना त्याने ऐकला होता. मागे वळून बघायला बंदी.  त्याने पेन्सिल टेकवली आणि लिहिलं, चष्मेवाला.

पंच होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी कागद जुळवले. कारकुनाचे चार जुळले. फिटरचे पाच.

"पाचवा चष्मेवाला," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मी मधोमध बसले होते. मला नाही ऐकू आला."

"मी त्याचीच वाट बघत होतो," कारकून म्हणाला. "आलाच नाही तो आज. वहिनी, तुम्ही ऐकलात?"

"ऐकला," बायको म्हणाली. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही.

फिटरने बायकोकडे बघितलं. हिचे कान तर शाबूत. हिने ऐकला नव्हता. नवरा काय लिहिणार ते ओळखून लिहिला होता. आता खरं बोलावं तर बायको चारचौघांत खोटी पडणार. गप्प बसावं तर वर्ष आपलं.

"दोघांना एकच भास व्हायचा नाही," बाई म्हणाल्या. "मी धरते."

त्यांनी पेन टेकवलं.

"धरू नका," फिटर म्हणाला. "दोन वर्षं झाली, मला तो ऐकूच येत नाही. सवयीने लिहिला. आणि मी लिहिणार हे हिला माहीत होतं."

 खोटी नोंद निघाली की जोडी बाद, हा नियम फिटरनेच घातलेला. बाईंनी अख्ख्या कागदावर तिरकी रेघ ओढली.

घरी जाताना बायको चार पावलं पुढे.

"सगळ्यांसमोर खोटं पाडलंत मला."

"मग लिहिलंस कशाला?"

"कुणासाठी लिहिलं?"



रविवारी कारकून पुढे झाला. फिटर गेला, रांगेत शेवटी चालला. बायको दोन रविवार आलीच नाही. तिसऱ्याला आली, ती पुढच्या स्पर्धेसाठी कारकुनाच्या बहिणीशी जोडी जमवून.