अर्धी किक

फिर्यादीत लिहिलं होतं, 'आरोपीने मुलीस फूस लावून, जबरदस्तीने मोटारसायकलवर बसवून पळवून नेले.' वाचून मला ठाण्यातच हसू फुटलं आणि लगेच डोकं तापलं. अहो, माझ्या नवऱ्याला साधी सायकल धड येत नाही! उदगीरचा हा माणूस लहानपणी एकदा पडला, तेव्हापासून एसटीशिवाय हालत नाही. म्हणे पळवून नेलं. पळवलं मी! चाकूरच्या फाट्यावर तो पिशवी घेऊन उभा होता. मी गाडी थांबवली, म्हटलं, बस. नांदेडपर्यंत माझी ओढणी मुठीत धरून, डोळे मिटून बसला होता बिचारा.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. जुनी आणि हट्टी. डाव्या अंगाला कलवायची, आधी अर्धी किक, मग जरा दम खाऊन पुरी. हे घरात दोघांनाच ठाऊक, आबांना आणि मला. त्यांचा गुडघा गेला तसं रोज सकाळी शेतावर निघताना हाक यायची, "बाई, गाडी जागी कर." मी करायची. त्या सकाळीही केली. फक्त उतरले नाही.

चोवीस वर्षांची होते मी. लग्नही नांदेडला रीतसर झालं होतं. पण नवरा परजातीचा, तेवढं पुरलं. चुलते फोनवर म्हणाले, "तू आमाला मेलीस. त्याला मातर जित्ता सोडत न्हाई." आबांनी फिर्याद दिली आणि नवरा कोठडीत गेला. मी जबाबात खरं ते सगळं सांगितलं, तर ठाण्याचे साहेब म्हणाले, "नवऱ्याला वाचवायला बोलायलीस. एवढ्या लांब बाई गाडी हाणते व्हय?"

जप्त केलेली गाडी आबांच्या ताब्यात द्यायची होती, त्या दिवशी सगळे ठाण्याच्या आवारात जमले. साहेबांनी नवऱ्याला बाहेर आणवलं. "चालू करून दाखव." यानं ब्रेकलाच किक समजून पाय हाणला. हवालदार हसले. मग त्यांनी स्वतः किक मारून पाहिली, घामाघूम झाले, गाडी ढिम्म. चुलते गुरगुरले, "नाटकं करायलाय त्यो."

मी पुढं झाले. चुलत्यांनी हात आडवा घातला. "लावा हात," मी म्हटलं, "साहेबांसमोरच लावा." हात खाली गेला. गाडी डावीकडं कलवली. अर्धी किक. दम खाल्ला. मग पुरी. एका दणक्यात सुरू झाली.

"कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"फिर्यादींनी."

आबा माझ्या पायाकडं बघत होते. मला वाटलं, आता तरी म्हणतील, पोरगीच चालवत होती. एवढ्या एका वाक्यावर नवऱ्याची सुटका अडली होती.

"हाव," आबा म्हणाले. "हीच चालवती. लई बेस चालवती." मग साहेबांकडं वळून, "आता गाडीची चोरी हिच्यावर लावा."

नवरा सुटला, मी आरोपी झाले. आबा लंगडत गाडीपाशी आले. ती चालूच होती, त्यांनी नुसतं बसायचं होतं. त्यांनी चावी फिरवून ती बंद केली आणि ढकलत फाटकाबाहेर नेली.