टोपाचा टाका

भर प्रयोगात मी महाराणीच्या पदरावर उभा राहिलो. मी भालेवाला द्वारपाल, काम एकच, हलायचं नाही. मी हललो नाही. महाराणी पद म्हणत पुढे गेल्या आणि पदर माझ्या पायाखाली राहिला, त्यांच्या केसांच्या टोपासकट. राणी झालेल्या नटाचं गोटा केलेलं डोकं दिव्यांत चमकलं. थिएटर हसून कोसळलं. पुढच्या खुर्च्यांवर खुद्द संस्थानच्या महाराजांच्या दरबारातली मंडळी होती.

आम्हांला कपडे चढवायचे ते चाचा. टाचण्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. राणीचा पदर ते टोपाला सुईनं टाचायचे, दोरा दातानं तोडायचे आणि म्हणायचे, "जावा आता. पदर ढळला तर मला इचारा."

सकाळी कंपनीच्या मालकांनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावून विचारलंच. दरबारी मंडळींना कुणीतरी दोषी दाखवायला हवा होता.

मालक नाटकात स्वतः राजा व्हायचे. ते म्हणाले, "मी तलवार उपसली म्हणून प्रयोग सावरला." पेटीवाले म्हणाले, "गलक्यात माझा सूर तसूभर हलला नाही." राणी म्हणाली, "लोक हसत नव्हते हो, हळहळत होते!" एकच रात्र, पण प्रत्येकानं त्यात आपलीच आरती ओवाळून घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "वारा सुटल्यासारखं वाटलं." बंद थिएटरात! तरी कुणी हसलं नाही. मी मालकांचा भाचा होतो.

"म्हणजे टाका सुटला," मालक म्हणाले. "चाचा, चूक झाली म्हणा, माफी मागा. नोकरी राहील."

चाचांनी टोप उचलला. पदर त्याला लोंबतच होता.

"टाका सुटला म्हनता? बघा की मालक! सुटला असता तर पदर एकलाच पडला असता. केसं हितं, पदर हितं, मधी माजा टाका हाय. माफी कशाची मागू? घट शिवल्याची?"

"मग चालू लागा."

"चाललो की."

सुयांची डबी खिशात घालून ते निघाले. मागच्या दारानं नाही; रंगमंचावरून खाली उतरून, प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून, मोठ्या दारानं. सगळे बघत होते. मी माझ्या पायाकडे बघत होतो.

पुढे त्या रात्रीवर मी एक नाटक लिहिलं आणि वाचून दाखवायला मंगळवार पेठेत चाचांनी टाकलेल्या शिवणाच्या दुकानी गेलो. प्रत्येक पात्राला त्याची त्याची हकिगत दिली होती. शेवटी द्वारपाल भाला फेकतो आणि मालकांपुढे गर्जतो, "पाय माझा होता! चाचांना हात लावाल तर खबरदार!" हे मी उभं राहून, हात उगारून वाचलं.

चाचांनी हातातल्या कापडाचा दोरा दातानं तोडला. मग म्हणाले, "मालक झ्याक उतरल्यात. पेटीवालं बी, राणी बी. पर भाचेराव, ह्यो भालेवाला कोन? असला मानूस आपल्या कंपनीत न्हवता."