वरच्या पट्टीतला शेवट

मी पाश्चात्य अभिजात संगीत लिहिते असं सांगितलं, की काळेवाडीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे गातेस? नाही. मग वाजवतेस? थोडंफार. मी कागदावर लिहिते आणि दुसरे वाजवतात. इथवर आलं, की समोरचा माझ्या नोकरीबद्दल विचारतो आणि आम्ही दोघंही सुटतो. नोकरी तळवड्यात आहे. मोबाइलच्या ॲपमधल्या चुका शोधायच्या.

लिहायला शिकवलं ते पिंपरीतल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी. आमच्या घरी बुद्धवंदनेपलीकडे कुणी काही म्हणत नसे. मला खरं तर संगणकाच्या क्लासला घालायचं होतं, तिथं जागा नव्हती. बाईंचं घर त्याच गल्लीत होतं, म्हणून पप्पांनी मला तिकडे नेऊन बसवलं.

पप्पा लातूरकडून आलेले. आधी भोसरीत आणि मग चाकणला, सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये गेली. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या मशिनींपुढे. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही म्हणून पप्पा ते खिशात ठेवायचे. रिटायर झाले तोवर त्यांचे कान वरून, म्हणजे बारीक, उंच आवाजांच्या बाजूनं, रिकामे होत आले होते. माणूस जरा मोठ्यानं बोलला तर कळायचं, पण दाराची बेल, मोबाइलची टिणटिण, पाखरं, हे सगळं गेलं होतं. कानाचं यंत्र आणलं. त्यात सगळंच खडखडतं म्हणून ते डबीत राहिलं.

चार तंतुवाद्यांसाठी एक रचना मी दोन वर्षं लिहीत होते. दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा व्हिओला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. शेवटाला खालची दोन वाद्यं थांबतात आणि दोन्ही व्हायोलिन वर, आणखी वर चढत इतकी बारीक होतात, की संपलं कधी ते कळू नये. या शेवटाचा मला अभिमान होता. वाजवणाऱ्या चौघांनाही तोच भाग सगळ्यात आवडला होता.

तालीम रावेतला, चेलो वाजवणाऱ्याच्या फ्लॅटवर असायची. एका रविवारी तिथूनच पुढे नातेवाइकांकडे जेवायला जायचं होतं, म्हणून पप्पा बरोबर आले. खुर्चीत ताठ बसून त्यांनी पूर्ण रचना ऐकली. शेवट झाला. मग कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात पप्पांनी मला विचारलं, "शेवटी ते दोघं काय करायलते?"

मी म्हणाले, वाजवत होते.

"मला वाटलं, वाट बघायलेत."

पहिला व्हायोलिनवाला हसला आणि लगेच खाली बघू लागला.

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला. तिथं होतं काय, ते त्यांना हवं होतं. मी त्यांच्या उजव्या कानाजवळ बसून त्या शेवटच्या ओळी खालच्या सप्तकात, मोठ्यानं म्हणून दाखवल्या. माझा गळा बरा नाही. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, आणखी एकदा म्हणायला लावलं.

"एवढंच?" ते म्हणाले. "हे तर आधी मोठ्या व्हायोलिनवर येऊन गेलतं. तिथं बरं होतं."

मोठं व्हायोलिन म्हणजे चेलो. आणि ते खरं होतं. सुरुवातीची चेलोची चाल मी उचलून वर ठेवली होती. खाली आणल्यावर तिच्यात नवं काहीच नव्हतं. जे काम स्वरांनी करायचं ते नुसती उंची करत होती.

आठवडाभर मी रागात होते. ज्याला ऐकूच येत नाही त्यानं काय सांगावं, असं स्वतःशी म्हणत होते. मग रोज सकाळी ऑफिसआधी कीबोर्डवर तो शेवट खालच्या पट्टीत वाजवायला बसले. तिथं जे टिकेना ते खोडलं. जुन्यातल्या तीनच मात्रा राहिल्या. बाकी नव्यानं लिहिलं आणि पुन्हा वर नेऊन ठेवलं. व्हायोलिन खाली आणली असती तर पप्पांना ऐकू आली असती. तसं मी केलं नाही. तो शेवट वरचाच होता.

कार्यक्रम चिंचवडला एका छोट्या हॉलमध्ये झाला. निम्म्या खुर्च्या भरल्या. पप्पा पहिल्या रांगेत होते. शेवट आला तेव्हा त्यांनी दोन्ही गजांवर नजर ठेवली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्यावर वाजवल्या.

पार्किंगमध्ये ते म्हणाले, "तेवढं म्हण आता." आजूबाजूला लोक हेल्मेट घालत होते. मी त्यांच्या कानाशी म्हणून दाखवलं. त्यांनी मान हलवली, "हां, हे निराळं हाय," आणि हॉलच्या खुर्च्या फार टणक होत्या असं सांगितलं.

त्यानंतर मी आणखी दोन रचना लिहायला घेतल्या. एक झाली, एक अडली आहे. पप्पांचा डावा कान आता जवळजवळ बंद आहे, उजव्याशी म्हणून दाखवतानाही पूर्वीपेक्षा जोर लावावा लागतो. शेजाऱ्यांना वाटतं आमच्यात भांडण चाललंय.